फाइल सर्व्हर दर नऊ दिवसांनी गोठतो: रॅम वाढवण्याआधी पूलमॉन लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज सर्व्हर २०१६, १६ जीबी रॅम, ऑफिसातली पस्तीसेक मशिनं एकाच शेअर्ड फोल्डरवर काम करतात. दर नऊ-दहा दिवसांनी कुठल्यातरी दुपारी शेअर उघडेनासा होतो, एक्सेल 'नॉट रिस्पॉन्डिंग' दाखवत बसतं, सर्व्हरच्या स्क्रीनवर माउस हलतो पण क्लिक केल्याचं काही होत नाही. पिंग (मशिन नेटवर्कवर आहे का, हे विचारणारी हाक) मात्र लागत असतो. पॉवर बटण दाबून बंद-चालू केलं की पुढचे नऊ दिवस सगळं सुरळीत. सिस्टिम लॉगमध्ये 'एसआरव्ही' या सोर्सची २०१९ क्रमांकाची नोंद सापडली आहे आणि हार्डवेअरवाल्याचं म्हणणं आहे की रॅम कमी पडतेय, ३२ करा. करावी का?

आत्ता करू नका. लक्षणं पाहता हे 'आजार रेड्याला, औषध पखालीला' होईल. तुमच्याकडे रॅम कमी नाही. रॅम घेऊन परत न देणारं कुणीतरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात बसलं आहे, असा माझा अंदाज आहे, आणि ते पकडायला पूलमॉन हे मायक्रोसॉफ्टचं टूल लागेल. रोज सव्वा जीबी गळत असेल तर १६ जीबीची मशिन नवव्या दिवशी बसते. ३२ केल्यावर ती बाविसाव्या दिवशी बसेल, आणि मधल्या काळात 'प्रश्न सुटला' म्हणून बिलही दिलेलं असेल.

आधी त्या २०१९ विषयी. ते साल नाही, इव्हेंटचा क्रमांक आहे. त्यातला मजकूर सांगतो की सर्व्हरला नॉनपेज्ड पूलमधून जागा मिळाली नाही, कारण पूल रिकामा होता. याचाच जुळा भाऊ २०२०, तो पेज्ड पूलबद्दल बोलतो. या दोन्हींपैकी एक दिसला की तपासाची दिशा जवळपास ठरते.

हा पूल म्हणजे काय, ते कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. विंडोजचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, आणि त्याला जोडून चालणारे सगळे ड्रायव्हर आपल्या कामासाठी लागणारी मेमरी दोन सामाईक साठ्यांतून घेतात. पेज्ड पूलमधली मेमरी गरज पडली तर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलता येते. नॉनपेज्ड पूलमधली ढकलता येत नाही. नेटवर्क कार्डाने इंटरप्ट, म्हणजे तातडीची हाक, दिला की त्या क्षणी ड्रायव्हरला लागणारी गोष्ट रॅममध्येच असावी लागते, तिथे डिस्कची वाट बघायची सोय नसते. म्हणून ही जागा कायमची रॅम अडवून बसते. आणि ती परत करण्याची जबाबदारी पूर्णपणे घेणाऱ्याची. एखादा साधा प्रोग्राम बंद केला की त्याने अडवलेली मेमरी विंडोज आपसूक काढून घेतं. ड्रायव्हरने पूलमधून घेतलेली आणि विसरलेली जागा मात्र रीस्टार्ट होईपर्यंत कुणी काढून घेत नाही.

फाइल शेअरिंग करणारा भाग वरवर सर्व्हिस दिसत असला तरी खरं काम 'एसआरव्ही२ डॉट एसवायएस' हा कर्नलमधला ड्रायव्हर करतो. प्रत्येक कनेक्शन, प्रत्येक उघडी फाइल, प्रत्येक रीड-राइट यासाठी त्याला पूलमधून तुकडे लागतात. ते मिळाले नाहीत की तो मागणी नाकारतो. क्लायंटवर कधी १४५० क्रमांकाची 'इन्सफिशियंट सिस्टिम रिसोर्सेस' अशी एरर येते, कधी नुसतंच फिरणारं वर्तुळ. पिंगचं उत्तर द्यायला ना डिस्क लागते ना कुठली सर्व्हिस, नेटवर्क स्टॅक ते परस्पर देऊन टाकतो. त्यामुळे पिंग लागतो यावरून सर्व्हरच्या तब्येतीबद्दल फारसं काही कळत नाही.

इथे एक जुना इतिहास उपयोगी आहे, कारण नेटवर शोधलंत तर तुम्हाला त्याच काळातले उपाय सापडतील. ३२-बिट सर्व्हर २००३ वर नॉनपेज्ड पूलची कमाल मर्यादा २५६ एमबी होती, आणि बूट डॉट आयएनआय या सुरुवातीच्या सेटिंग फाइलमध्ये थ्रीजीबी स्विच टाकला की ती १२८ एमबीवर यायची. त्या वेळी 'पूलयूसेजमॅक्सिमम' ६० करा, 'पेज्डपूलसाइझ' सगळे एफ टाका, असे रजिस्ट्रीचे (विंडोज आपली सेटिंग्ज ठेवतं ती जागा) तोडगे चालायचे आणि पेज्ड पूल भरण्याच्या काही प्रकारांत ते खरोखर लागूही पडायचे. ६४-बिटवर ती भिंतच राहिलेली नाही. गळती सरळ तुमच्या रॅमवर चालून जाते. तेव्हा रजिस्ट्रीतल्या त्या नोंदी सर्व्हर २०१६ मध्ये टाकू नका. फायदा शून्य, आणि पुढे तपासणाऱ्याला नाहक संशय.

आता उत्तर कशावर अवलंबून आहे, तो भाग. सर्व्हर गोठण्याची लक्षणं चार वेगवेगळ्या कारणांनी हुबेहूब अशीच दिसतात, म्हणून पहिली पाच मिनिटं वर्गवारीत घालवा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मेमरी. उजवीकडे खाली 'पेज्ड पूल' आणि 'नॉन-पेज्ड पूल' असे दोन आकडे असतात. तुमच्या आकाराच्या फाइल सर्व्हरवर नॉनपेज्ड साधारण दोनशे ते सहाशे एमबीच्या आसपास असावा. रीस्टार्टनंतर आठव्या दिवशी तो आठ-दहा जीबी दिसला, तर ही गळतीच. पुढे वाचा.

पूल जागेवर आहे, तरीही मोकळी मेमरी जवळपास संपली आहे, आणि प्रोसेसच्या यादीतली बेरीज काही जुळत नाही, असं दिसलं तर सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या टूलसंचातलं रॅममॅप चालवा आणि 'मेटाफाइल' ही ओळ बघा. एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फाइल ठेवण्याची पद्धत) प्रत्येक फाइलमागे साधारण १ केबीची नोंद असते. शेअरवर ४० लाख छोट्या फाइल असतील आणि रात्रीचं बॅकअप त्या एकेक चाळत असेल, तर नुसत्या नोंदींचेच ४ जीबी कॅशमध्ये येऊन बसतात. रॅममॅपच्या एम्प्टी मेनूतून सिस्टिम वर्किंग सेट रिकामा केल्यावर मशिनला लगेच श्वास आला, तर गळती नाही, कॅशचा फुगवटा आहे. या एकाच प्रकारात तुमचा हार्डवेअरवाला बरोबर ठरेल.

तिसरा प्रकार साध्या प्रोसेसचा. कुठलीतरी डेटाबेस सर्व्हिस किंवा बॅकअप एजंट सगळी कमिट मेमरी (रॅम आणि पेजफाइल मिळून देता येणारी) खातो. तेव्हा सिस्टिम लॉगमध्ये रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टरची २००४ क्रमांकाची नोंद येते आणि तीत सर्वात जास्त मेमरी खाणाऱ्या तीन प्रोसेसची नावंच दिलेली असतात. चौथा प्रकार मेमरीचा नाहीच: डिस्क किंवा अनेक डिस्क एकत्र चालवणारा रेड कंट्रोलर अडकतो. १२९ क्रमांकाची 'रीसेट टू डिव्हाइस' किंवा १५३ क्रमांकाची आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) पुन्हा केल्याची नोंद दिसली, तर आधी डिस्क, केबल आणि कंट्रोलरचं फर्मवेअर बघा. खराब रॅम स्टिकमुळे असं घड्याळ लावल्यासारखं नऊ दिवसांनी गोठणं सहसा होत नाही. तिथे निळा स्क्रीन येतो, आणि दर वेळी वेगळ्या कारणाचा.

तुमच्याकडे २०१९ ची नोंद आहे, म्हणून मी पहिलाच प्रकार धरून चालतो.

गळती पकडायचं हत्यार पूलमॉन. ते मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ड्रायव्हर किटमध्ये येतं. किट सर्व्हरवर बसवू नका. दुसऱ्या मशिनवर बसवा आणि टूल्सच्या फोल्डरमधली ६४-बिटची एक्सई फाइल तेवढी कॉपी करून आणा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, पूलमॉन चालवा. पी दाबत राहिलात की पेज्ड, नॉनपेज्ड आणि दोन्ही असं दृश्य बदलतं, नॉनपेज्डवर थांबा. मग बी दाबा, म्हणजे बाइटच्या उतरत्या क्रमाने यादी लागेल.

प्रत्येक ड्रायव्हर पूलमधून जागा घेताना तिच्यावर चार अक्षरांची चिठ्ठी लावतो, तिला टॅग म्हणतात. सर्व्हर २००३ पासून ही नोंद कायम चालू असते, वेगळं काही सुरू करावं लागत नाही. स्क्रीनवर दिसतं ते दुकानाच्या खतावणीसारखं वाचा. 'ॲलॉक्स' म्हणजे किती वेळा उधार नेलं, 'फ्रीज' म्हणजे किती वेळा परत आलं, 'डिफ' म्हणजे बाकी. समजा वरच्याच ओळीत ॲलॉक्स ३,८४,६०,०००, फ्रीज ३,५९,४८,०००, डिफ २५,१२,०००, बाइट्स २,६१,२४,८०,००० आणि 'पर ॲलॉक' १,०४० असं दिसतंय. म्हणजे १,०२४ बाइटची मागणी, तिच्यावर पूलचं १६ बाइटचं हेडर, आणि असे पंचवीस लाख तुकडे कुणीतरी नेऊन विसरलंय. अडीच जीबीच्या आसपास.

पण एका नजरेत मोठा दिसणारा टॅग चोर असेलच असं नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर सुरुवातीलाच शेकडो एमबी बफर अडवून ठेवतो आणि पुढे हलत नाही. तो श्रीमंत आहे, चोर नाही. बघायची असते ती वाढ. म्हणून रीस्टार्टनंतर तासाभराने एक, आणि नंतर रोज त्याच वेळी एक, असे किमान तीन स्नॅपशॉट घ्या. पूलमॉनला एन हा स्विच आणि फाइलचं नाव दिलं की तो चालू स्थिती त्या फाइलमध्ये लिहितो. टास्क शेड्युलरमध्ये दर सहा तासांनी लावून ठेवा, फाइलच्या नावात तारीख-वेळ घाला. सर्व्हर गोठला तरी आदल्या सहा तासांपर्यंतचा पुरावा हातात राहतो.

जोडीला परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये एक डेटा कलेक्टर सेट करा: मेमरीखालचे 'पूल नॉनपेज्ड बाइट्स', 'पूल पेज्ड बाइट्स', 'अव्हेलेबल एमबाइट्स' आणि सगळ्या प्रोसेसचा 'हँडल काउंट', म्हणजे प्रत्येकीने कर्नलकडून उघडून घेतलेल्या गोष्टींची संख्या. दर पाच मिनिटांनी एक नोंद पुरते. याचा आलेख टॅगइतकाच बोलका असतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सात चढण आणि रात्री सपाट, तर गळती लोकांच्या फाइल उघडण्या-मिटण्याशी जोडलेली आहे. अँटिव्हायरसचा किंवा फाइलवर नजर ठेवणारा कुठलाही फिल्टर ड्रायव्हर संशयित. दिवसभर सपाट आणि रात्री एक वाजता पायरी, तर बॅकअप. दिवसरात्र एकसारखी चढण, तर दर काही सेकंदांनी काहीतरी मोजणारा मॉनिटरिंग एजंट किंवा एखादा हार्डवेअर ड्रायव्हर. टॅग हाती लागायच्या आधीच निम्मी यादी गळून पडते.

टॅग मिळाला की मालक शोधायचा. विंडोज डीबगरबरोबर 'पूलटॅग डॉट टीएक्सटी' नावाची यादी येते, तीत मायक्रोसॉफ्टचे बहुतेक टॅग आणि त्यांचे मालक आहेत. तिथे नसेल तर सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये जाऊन 'फाइंड' आणि 'एसटीआर' जोडून होणारी कमांड एम आणि एल स्विचसह चालवा, पुढे टॅगची चार अक्षरं आणि सगळ्या एसवायएस फाइल. ज्या फाइलमध्ये ती अक्षरं सापडतील त्यांची नावं येतील. अक्षरं लहान-मोठी जशी दिसतात तशीच द्या. दोन-तीन नावं आली तर घाबरू नका, चार अक्षरं योगायोगानेही जुळतात. प्रत्येक फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनी आणि आवृत्ती बघा. टॅग 'डीडीके' असा दिसला तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याने स्वतःची चिठ्ठी लावायचा आळस केलाय, तिथे हा मार्ग संपतो आणि एकेक काढून बघावं लागतं.

आणि टॅग विंडोजचाच निघाला तर? इथे बरेच जण 'मायक्रोसॉफ्टचा बग' म्हणून हात झटकतात. तसं नसतं. 'प्रॉक', 'थ्रे', 'टोक', 'इव्हन' हे टॅग अनुक्रमे प्रोसेस, थ्रेड, सिक्युरिटी टोकन आणि इव्हेंट ऑब्जेक्टचे. ते फुगले म्हणजे कुठलातरी साधा प्रोग्राम हँडल उघडून बंद करत नाहीये. हँडल उघडं आहे तोवर कर्नल ते ऑब्जेक्ट मोडीत काढू शकत नाही. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये हँडल्स हा कॉलम लावा. नेहमीच्या सर्व्हिस शे-दोनशेपासून काही हजारांपर्यंत असतात. एखादी लाखांत गेलेली दिसली की सापडली. हा सुदैवाचा प्रकार आहे, कारण ती एक सर्व्हिस रीस्टार्ट केली की पूल लगेच खाली येतो आणि सर्व्हरला हात लावावा लागत नाही.

'ईटीडब्ल्यूबी' दिसला तर इव्हेंट ट्रेसिंगचे (विंडोजच्या आतल्या घडामोडी टिपणाऱ्या यंत्रणेचे) बफर आहेत. लॉगमन कमांडला क्वेरी आणि ईटीएस देऊन कुठली ट्रेसिंग सेशन चालू राहिली आहेत ते बघा. एफएमपासून सुरू होणारे टॅग फिल्टर मॅनेजरचे. तो नुसता मध्यस्थ. त्याच्या आडून कुठला तरी फिल्टर गळत असतो. पेज्ड पूलमध्ये 'एमएमएसटी' किंवा एनटीएफएसचे टॅग मोठे दिसणं फाइल सर्व्हरवर बऱ्याचदा नैसर्गिक असतं, कारण ते उघडलेल्या फाइलींच्या हिशेबाचे असतात. ते वाढून एका पातळीवर थांबत असतील तर सोडून द्या.

फिल्टरची यादी 'एफएलटीएमसी' कमांडने मिळते. प्रत्येकासमोर अल्टिट्यूड नावाचा आकडा असतो: ३,२०,००० ते ३,२९,९९९ म्हणजे अँटिव्हायरस, २,८०,००० च्या घरातले सतत बॅकअप घेणारे, १,४०,००० च्या घरातले एन्क्रिप्शनचे. ही यादी एकदा वाचाच. तीन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचा फिल्टर अजून लोड होतोय आणि नवा त्याच्या डोक्यावर बसलाय, असं दृश्य दुर्मीळ नाही.

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. संशय आला म्हणून अँटिव्हायरस 'डिसेबल' करतात, गळती चालूच राहते, आणि मग तो निर्दोष ठरवला जातो. डिसेबल केल्याने वरची सर्व्हिस झोपते. खालचा फिल्टर ड्रायव्हर जागाच असतो आणि प्रत्येक फाइल त्याच्यातूनच जाते. चाचणी खरी करायची तर अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, एफएलटीएमसीमध्ये तो खरोखर गेलाय याची खात्री करा. सर्व्हर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर मुळातच आहे, त्यामुळे तीन दिवस उघड्यावर राहावं लागणार नाही. मात्र त्याची रिअल-टाइम सुरक्षा चालू झाली आहे ना, ते बघून घ्या. आणि एका वेळी एकच बदल. अँटिव्हायरस काढला, बॅकअप एजंट अपडेट केला, नेटवर्क ड्रायव्हर बदलला, सगळं एकाच रविवारी, तर सर्व्हर बरा होईलही, पण दोषी कोण ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या अपडेटला तो परत येईल.

संशयित ठरला पण पुरावा हवा असेल, तर ड्रायव्हर व्हेरिफायर आहे. फक्त त्या एका ड्रायव्हरवर, फक्त 'पूल ट्रॅकिंग' चालू करा आणि रीस्टार्ट करा. ड्रायव्हर आपली जागा परत न करता अनलोड व्हायला गेला की विंडोज मुद्दाम सीफोर क्रमांकाचा निळा स्क्रीन देऊन त्याचं नाव सांगतं. म्हणून हे कामाच्या दिवशी करायचं नाही. 'सगळे ड्रायव्हर' आणि 'स्पेशल पूल' हे पर्याय चालत्या सर्व्हरवर टाळाच. मशिन रांगायला लागते, प्रसंगी बूटच होत नाही, आणि मग सेफ मोडमध्ये जाऊन रीसेट देण्याची कसरत करावी लागते.

सर्व्हर इतका अचानक बसत असेल की स्नॅपशॉटही मिळत नाही, तर गोठलेल्या अवस्थेतच डंप (मेमरीची जशीच्या तशी प्रत) काढायची तयारी आधी करून ठेवा. यूएसबी कीबोर्डसाठी रजिस्ट्रीत 'केबीडीएचआयडी' सर्व्हिसच्या पॅरामीटर्सखाली 'क्रॅशऑनकंट्रोलस्क्रोल' नावाची डीवर्ड व्हॅल्यू १ ठेवा, डंपचा प्रकार कर्नल मेमरी डंप ठेवा, आणि एकदा रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी गोठला की उजवीकडचं कंट्रोल दाबून धरून स्क्रोल लॉक दोनदा दाबा. निळा स्क्रीन येईल, डंप लिहून होईपर्यंत हात लावू नका. मग विंडबग या विंडोज डीबगरमध्ये उद्गारचिन्हासह 'व्हीएम' आणि 'पूलयूज्ड २' या दोन कमांड दिल्या की नॉनपेज्ड पूलची तीच खतावणी क्रमाने समोर येते. पॉवर बटण दाबून आतापर्यंत प्रत्येक वेळी तुम्ही हाच पुरावा पुसत आला आहात, शिवाय अर्धवट लिहिलेल्या फाइलींचा धोका वेगळाच.

तपास होईपर्यंत लोकांना त्रास नको म्हणून दर शनिवारी रात्री ठरवून रीस्टार्ट लावा. ही लाज वाटायची गोष्ट नाही, फक्त तिला उपाय समजू नका. एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) अजून चालू असेल तर या निमित्ताने बंद करा. जुना स्कॅनर किंवा फोटोकॉपी मशिन त्यावर अवलंबून नाही ना, ते आधी बघा, नाहीतर सोमवारी सकाळी वेगळीच तक्रार येईल. आणि सर्व्हर २०१६ ची सुरक्षा अपडेट १२ जानेवारी २०२७ ला संपतात, तेव्हा नवीन मशिनचा विषय निघेलच. त्या वेळी हेच एजंट जसेच्या तसे नव्यावर चढवले तर गळतीही सोबत जाईल.

टॅग आणि ड्रायव्हरचं नाव हाती आलं की त्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टला 'सर्व्हर हँग होतो' असं लिहू नका. त्यावर 'रॅम वाढवा' हेच उत्तर येतं. टॅग, एसवायएस फाइलची आवृत्ती, तीन दिवसांचे डिफचे आकडे आणि अनइन्स्टॉल केल्यावरच्या तीन दिवसांचे आकडे, एवढं एका मेलमध्ये पाठवा. अडकलात तर पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाच्या स्नॅपशॉटमधल्या वरच्या दहा ओळी आणि एफएलटीएमसीची पूर्ण यादी इथे टाका, त्यावरून पुढचं सांगता येईल.